रादिवोयकाकांचं ‘चालू दे’

अजूनही हे सांगताना माझा हात आपोआप कपाळाला जातो. आमच्या सीमेवरच्या नोव्हा गोरित्सा गावात आलेल्या पाहुण्याने कुठे जेवावं हे बारा वर्षं ज्या माणसाने ठरवलं, त्याच्याबद्दल असं काही निघेल, हे कुणी मला आधी सांगितलं असतं तर मी सांगणाऱ्यालाच वेड्यात काढलं असतं.

मी कॅसिनोच्या हॉटेलात स्वागताच्या टेबलामागे उभा असतो. इटालियन मंडळी सीमेपलीकडून येतात, जुगारात हरतात आणि मग मला विचारतात, “इथे चांगलं जेवायला कुठे मिळतं?” नोकरी टिकवायची म्हणून मी हात तळमजल्यावरच्या आमच्याच रेस्टॉरंटकडे करतो. डोळे मात्र काचेबाहेर वळवतो. तिथे रादिवोय हुमार आपल्या पांढऱ्या टॅक्सीला टेकून मिशीवरून बोट फिरवत असतात. शहाणी गिऱ्हाइकं माझ्या हाताचं न ऐकता डोळ्यांचं ऐकतात.

काकांचा सल्ला दोन वाक्यांत संपतो. “मासे हवेत तर नदीकाठी नेतो. घरच्यासारखं हवं असेल तर गप बसा, शेजारच्या सोल्कान गावी मिलोय्काकडे नेतो.”

मिलोय्का म्हणजे माझी मावशी. तिच्या खानावळीत दुपारी बारा वाजता एक विधी होतो. पूर्वी पहिला वाडगा तिचा नवरा लुद्विक चाखायचा. बारा वर्षांपूर्वी तो वारला आणि त्याच्या खुर्चीत त्याचा दोस्त रादिवोय बसू लागला. काका पाव मोडतात, बुडवतात, डोळे मिटतात, आणि बोट वर करून म्हणतात, “चालू दे.” तोवर स्वयंपाकघरातून एक वाडगा बाहेर जात नाही. मावशी स्वतः कधीच चाखत नाही. “दिवसभर वाफेत उभ्या असलेल्या बाईच्या जिभेचं काय खरं?” असं तिचं म्हणणं. ते ‘चालू दे’ नसतं तर लुद्विकच्या मागोमाग चूलही विझली असती, हे ती येईल त्याला सांगते.

त्या रविवारी मीही तिथे होतो आणि जेवायला योटा होता, आमचं दाट सूप. घेवडा, बटाटा, आंबवलेला कोबी आणि मावशीच्या भावाने हिवाळाभर मिठात मुरवून धुरी दिलेली डुकराची तंगडी. काकांनी वाडगा संपवला, पावाने पुसला, बोट वर केलं. “लुद्विक असता तर दुसऱ्यांदा मागितला असता बघ.”

मावशीने एप्रनने डोळे टिपले आणि इटलीतल्या त्रेव्हीझोहून आलेल्या चार बायकांसमोर वाडगे ठेवले.

त्यातल्या सगळ्यात म्हातारीने पहिला चमचा तोंडात घातला. पुढचं मी डोळ्यांनी पाहिलं म्हणून लिहितोय. तिने घास रुमालात थुंकला. मग पाण्याचा पेला, मग शेजारणीचा पेला, मग फुलदाणीकडे हात.

“सिन्योरा,” ती घोगऱ्या आवाजात म्हणाली, “हे समुद्रातून आणलंत का?”

मी तिच्या वाडग्यात माझा चमचा बुडवला. देवा! जिभेची साल निघाली. मावशी तंगडी रात्रभर पाण्यात भिजत घालायला विसरली होती.

मावशीने चमचा माझ्या हातातून घेतला आणि बारा वर्षांत पहिल्यांदा स्वतःचं रांधलेलं चाखलं. तिचा चेहरा पांढराफटक पडला.

“रादिवोय, हे तू खाल्लंस?”

“खाल्लं.”

“अख्खा वाडगा?”

काका टोपी हातात फिरवत राहिले. “मिलोय्का, मला चव येत नाही.”

“आज सर्दी आहे का?”

“लुद्विकला पोचवायला गेलो तेव्हा वारा लागला, आठवतं? ताप चढला. ताप उतरला, पण चव काही परत आली नाही.”

त्रेव्हीझोच्या बायकांना आमची भाषा कळत नव्हती, तरी त्यांनी चमचे खाली ठेवले. मी मनात हिशेब केला. म्हणजे एकदाही नाही! या माणसाने त्या खुर्चीत बसून एकदाही चव घेतलेली नाही! आणि मी अर्धी इटली त्याच्या भरवशावर पाठवली!

“बोलला का नाहीस, मेल्या?”

“तू रडत होतीस. म्हणालीस, आता मला मीठ कोण सांगणार? मग बसलो.”

मावशीने एप्रनची गाठ सोडली. “संपलं. उद्यापासून बंद. बारा वर्षं मी काय लोकांच्या गळी उतरवलं, देव जाणे.”

“ते मला विचार ना,” काका एकदम चिडले. “तुझी ताटं परत येतात ती मी बघतो. पावाने पुसलेली असतात. हॉटेलच्या मागच्या दारी भांडी घासणाऱ्यांशी गप्पा मारतो, तिथे अर्धं मांस कचऱ्याच्या डब्यात जातं. आणि माणसं मीच परत नेतो ना? वाईट जेवलेला वाटभर किती हरलो ते सांगतो. तुझ्याकडून निघालेला पट्टा सैल करून घोरतो. ही माझी जीभ! कालची ताटं बघून आज बोट वर करतो; आजचं मीठ कालच्या ताटात कुठून दिसणार?”

“म्हणजे मी खरकट्यावर पास होत होते?”

“पहिल्या नंबराने,” मी म्हणालो. दोघांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी त्या बायकांना चीज वाढायला पळालो.

दुसऱ्या दिवशी बाराला मी मुद्दाम गेलो. दार बंद असेल अशीच माझी खात्री होती. काका बाहेर टॅक्सीत बसलेले, काच खाली करायचीही हिंमत नाही. आतून वाफ येत होती.

“ये आत, थापाड्या,” मावशी ओरडली. “खुर्ची रिकामी आहे.”

ते बसले. वाडगा मात्र मावशीने स्वतःच्या हातात धरला. फुंकर मारली, घोट घेतला. काका तिच्या तोंडाकडे टक लावून बघत होते.

“मीठ कमी आहे,” ते म्हणाले.

“तुला रे काय कळतं?”

“तुझी डावी भुवई.”

मावशीने चिमूटभर मीठ टाकलं, ढवळलं, पुन्हा चाखलं. भुवई जागेवर राहिली. काकांनी बोट वर केलं.