साडभाऊंचं भांडणातलं इंग्रजी

वर्धा जिल्ह्यात चांगली रंगात आलेली जी भांडणं पूर्ण होऊ शकली नाहीत, त्यांतली निम्मी तरी माझ्या साडभाऊंनी बिघडवली आहेत, हे मी शपथेवर सांगेन. साडभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. सारी नोकरी पुलगावच्या बसस्टँडवर कंट्रोलर म्हणून केली, घर नाचणगावात. एरवी माणूस पक्का वऱ्हाडी. भाजीत मीठ कमी असलं तरी वऱ्हाडीत बोलणार आणि देवळीची गाडी बंद पडली तरी वऱ्हाडीतच. पण समोर दोन माणसांचा आवाज चढला की साडभाऊंना इंग्रजी फुटतं.

प्रवाशांशी होणारे वाद कसे मिटवावेत, हे शिकवायला एकदा कंट्रोलर मंडळींना नागपूरला बोलावलं होतं. बाकीचे लोक तिथलं जेवण कसं होतं ते सांगत परत आले, साडभाऊ शब्द घेऊन आले. त्या शब्दांवर त्यांनी स्वतःचं शास्त्रच उभं केलं. "मराठीत भांडता येते, हिंदीत तर अजून चांगलं भांडता येते," ते मला समजावून सांगत. "पण मंधात इंग्रजी टाकलं, का माणूस अर्थ लावाले थांबते. एकदा थांबला, का मंग त्याले आठवतच नाई, काऊन भांडून राह्यलो होतो."

हे शास्त्र लागू पडताना मी डोळ्यांनी पाहिलंय. एक बाई बकरी घेऊन बसमध्ये चढल्या होत्या आणि बकरीचं तिकीट लागतं की नाही, यावरून त्यांचं आणि कंडक्टरचं जुंपलं होतं. साडभाऊ शांतपणे मध्ये जाऊन म्हणाले, "मॅडम, आय हिअर यू."

"काय म्हंते हा?" बाईंनी सगळ्या गाडीला विचारलं.

"म्हंजे मी तुमचं आयकून राह्यलो. पटलं असं नाई म्हटलं. फक्त आयकून राह्यलो."

आपलं कोणी नुसतं ऐकतंय, ही गोष्ट त्या बाईंना बहुधा नवीन असावी. त्या बकरीसकट खाली उतरल्या, कंट्रोलरच्या खिडकीशी टेकल्या आणि लग्न होऊन सासरी आल्यापासूनचं सगळं सांगत बसल्या. त्यांची गाडी गेली, पुढचीही गेली. शेवटी निघाल्या तेव्हा साडभाऊंना सहकुटुंब जेवायला बोलावून गेल्या.

'डी-एस्कलेट' हा त्यांचा सगळ्यांत लाडका शब्द. तो ते नागपूरच्या मॉलमधल्या सरकत्या जिन्यावरून समजावत. "भांडन त्या जिन्यावर पाय ठेवते अन् आपोआप वर चालते. डी-एस्कलेट म्हंजे खाली उतर, बापू." एकाने भर भांडणात विचारलं, "पण जी, तो जिना तर वरच जाते ना?" यावर साडभाऊ इतका वेळ विचारात पडले की भांडणारे दोघेही कंटाळून घरी गेले. शास्त्राचा तोही एक विजयच धरला गेला.

त्यांचा सगळ्यांत मोठा विजय मात्र चुकून झाला. गावातले दोन शेजारी वावराच्या धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, हातघाईवर आले होते. साडभाऊ दोघांच्या मध्ये उभे राहिले आणि हात पसरून म्हणाले, "फाइंड कॉमन ग्राउंड!" दोघांचेही हात खाली आले.

"ग्राउंड?" एकाने विचारलं. "आमच्या वावरात ग्राउंड करून राह्यले का कोनी?"

"सरकार घेऊन राह्यलं काय जी जमीन?" दुसऱ्याचा आवाज थरथरला.

साडभाऊ अर्थ सांगू लागले, पण ऐकतो कोण? दोघेही त्याच पावली एका मोटारसायकलवर बसून तलाठ्याकडे गेले. असं काही नाही म्हणून कळल्यावर आनंदाने एकत्र चहा पिऊन परत आले आणि धुऱ्याचा विषय तेव्हापासून जो मागे पडला तो पडलाच. साडभाऊंशी मात्र दोघेही बरेच दिवस जपून वागत होते.

घरात या विद्येला थारा नव्हता. ताई, म्हणजे त्यांची बायको, एकदा पाणी भरण्यावरून रागावल्या असताना साडभाऊंनी "लेट अस टेक अ पॉज" म्हणून पाहिलं. "इंग्रजी बाहेर ठेवून येत जा, चपलेजवळ," ताई म्हणाल्या. तेव्हापासून घरातली भांडणं मराठीतच झाली आणि यथासांग पूर्ण झाली.

अशा माणसाच्या घरात अबोला शिरला. ताईंच्या एका डोळ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा थोरला मुलगा आला, पुण्याचा धाकटा आला नाही. थोरला त्याला एका शब्दाने बोलला नाही. धाकट्याने घरचा व्हॉट्सॲप ग्रूप सोडला. बस, एवढंच. आवाज नाही, आदळआपट नाही. साडभाऊ मला म्हणाले, "भांडले असते तर मी मंधात पडलो असतो. हे तर भांडूनच नाई राह्यले. इथं कोनता शब्द टाकू?"

या उन्हाळ्यात ताईंचा दुसरा डोळा झाला. या वेळी दोन्ही मुलं आली. थोरला पुढच्या खोलीत मोबाईल बघत, धाकटा मागच्या खोलीत. जेवायलाही वेगवेगळे. मी भेटायला गेलो तर घरात कूलरचाच काय तो आवाज. दुपारी तोही घरघरायला लागला, तसा धाकटा भिंतीकडे पाहून म्हणाला, "कूलरमधलं पानी संपलं, कोनाले दिसत नाई काय?"

"ज्याले आईच्या ऑपरेशनले याले जमत नाई, त्यानं टाकावं," पुढच्या खोलीतून उत्तर आलं.

आणि मग जे फुटलं! दोघेही अंगणात आले. कूलर राहिला बाजूला. सुट्टी न मिळाल्याचं, फोन न केल्याचं, लहानपणच्या सायकलचं, सगळं बाहेर आलं. "तू एकदा तरी विचारलं काय मले, काऊन नाई आला म्हून?" धाकटा ओरडला. शेजारचे कुंपणाशी आले. मी उठलो. साडभाऊंनी माझा हात घट्ट धरला.

"बसा," ते म्हणाले. "भांडू द्या."

"अहो, पण..."

"भांडू द्या जी. लय दिवसांनी भांडून राह्यले."

त्यांचे डोळे भरून आले होते, आणि चेहऱ्यावर असं सुख होतं की मी परत खाली बसलो. आत पलंगावर, डोळ्यावर पट्टी बांधलेल्या ताईंनी मान वळवली.

"कोन हाये हो बाहेर? दोघंही हायेत काय?"

"दोघंही हायेत."

"एकमेकाशीच बोलून राह्यले?"

"एकमेकाशीच."

ताई उशीला टेकून नीट बसल्या, पदर सावरला, आणि अंगणाकडे कान लावून ऐकत राहिल्या.