एकाच राशीचे सात शेर, आठ शेर

"या मुलीला मोजता येत नाही बाई," केंद्रप्रमुख वर्गाच्या बाईंना म्हणाले.

केंद्रप्रमुख म्हणजे आसपासच्या दहा-बारा शाळांवर नजर ठेवणारे साहेब. मुलगी तिसरीतली, नाव तनुजा. तिच्या हातात माझा पितळी शेर, म्हणजे धान्य मोजायचं माप होतं आणि तिला मोजायला मीच शिकवलं होतं. त्यामुळे ते बोलणं तिच्यापेक्षा मला जास्त लागलं.

मी मापाडी. माझी शाळा दुसरीतच सुटली, पण धान्य मोजण्यात जन्म गेला. आधी खळ्यावर पायलीनं मोजलं, मग कर्जतच्या बाजारात काट्यावर. आता इलेक्ट्रॉनिक काटे आले, मी घरी बसलो. माझ्या मापाला कोणी नावं ठेवलेली नाहीत. ठेवली असती तर मी ऐकून घेतलं नसतं.

आमच्या गावच्या झेडपी शाळेत साळवे बाई आल्या आणि त्यांनी बाकांच्या रांगा मोडल्या. वर्गात चार कोपरे केले. एका कोपऱ्यात पाण्याच्या बाटल्या नि नळ्या, एकात चित्रं आणि शब्दांच्या पट्ट्या, एकात खडे आणि काड्या. चौथा कोपरा मापाचा. मुलांचे चार गट. बाईंनी ताट वाजवलं की प्रत्येक गटानं पुढच्या कोपऱ्यात जायचं. जे शिकायचं ते हातानं करून शिकायचं. मापाच्या कोपऱ्यासाठी बाई माझ्या घरी आल्या.

"आबा, तुमचा शेर द्या आणि तुम्ही पण या."

"मी येऊन काय करू? मला पाटीवर लिहिता येत न्हाई."

"लिहायचं नाही. फक्त बसायचं. मुलांनी विचारलं तरच सांगायचं."

ही शेवटची अट मला आवडली नव्हती. तरी गेलो. पहिल्याच दिवशी पोरांना सांगितलं की मापाडी पहिल्या मापाला एक म्हणत नाही, लाभ म्हणतो. लाभ, दोन, तीन, चार. पहिलं माप शुभ बोलून टाकायचं. बापानं मला असंच शिकवलं. बाईंनी हरकत घेतली नाही. उलट मुलांना विचारलं, "मग लाभ म्हणजे किती?" पोरं एका सुरात म्हणाली, "एक."

पण गावात कुरबुर सुरू झाली. पोरं दिवसभर खेळतात, घरी येताना चड्डी ओली, पुस्तक कधी उघडायचं? दोघाचौघांनी साहेबांच्या कानावर घातलं. साहेब आले आणि दारातच म्हणाले, "आज बघतो. मला पटलं नाही तर सोमवारपासून सगळी मुलं रांगेत बसवायची. हे कोपरे-बिपरे बंद."

बाई "ठीक आहे सर" एवढंच म्हणाल्या. आवाज नेहमीचा होता, पण हातातला खडू मोडला होता.

साहेब नेमके मापाच्या कोपऱ्याशी येऊन उभे राहिले. पोत्यावर ज्वारीची छोटी रास ओतलेली. तनुजाच्या गटानं ती शेरानं मोजून टोपलीत टाकली आणि भिंतीवर खडूनं लिहिलं, सात. ज्वारी परत पोत्यावर ओतली. ताट वाजलं. दुसरा गट आला. त्यात ओंकार, किराणा दुकानदाराचा मुलगा. त्यानं तीच रास मोजली आणि लिहिलं, आठ.

साहेबांनी दोन्ही आकडे पाहिले. तनुजाला बोलावलं.

"तू कशी मोजलीस?"

"लाभ, दोन, तीन..."

"आणि तू?"

"एक, दोन, तीन," ओंकार म्हणाला. त्याच्या दुकानात लाभ चालत नाही.

"म्हणजे बघा," साहेब म्हणाले. "हिनं पहिलं माप धरलंच नाही. या मुलीला मोजता येत नाही बाई. असले जुने प्रकार वर्गात आणले की असंच होणार."

मी उठलो. साहेबांचं म्हणणं चूक होतं आणि चूक कुठं होती ते मला दिसलं होतं. माझं आयुष्य भरणाऱ्याचा हात बघण्यात गेलंय. पण तोंड उघडायच्या आत बाईंनी माझ्याकडे बघून तळहात खाली केला. बसा.

मी बसलो. का बसलो, ते मला आजही नीट सांगता येणार नाही. माझ्या घरात मला असं कोणी बसवत नाही.

बाईंनाही कारण दिसलं असणार. सांगून टाकलं असतं तर साहेब गप्प झाले असते आणि कोपरे वाचले असते. त्यांनी तसं केलं नाही. मुलांकडे वळल्या. "रास एक, शेर एक, मग उत्तरं दोन का? कसं शोधायचं?"

तनुजाचे डोळे भरले होते, पण ती मागं हटली नाही. "ह्येला माझ्यासमोर मोजू द्या. मी बघते."

ओंकारनं शेर भरला, वरून हात फिरवला, ओतला. तिनं लगेच त्याचं मनगट धरलं.

"हात का फिरवला?"

"आमचे अण्णा तसंच करत्यात. वरचं खाली पाडायचं."

"वरचं पाडायचं नसतं काही. आमची आजी उसनी ज्वारी परत करताना शीग ठेवती."

शीग म्हणजे मापाच्या काठावर धान्याचा जो टोकदार ढीग राहतो तो. आमच्याकडे विकताना माप सपाट देतात. शेजारणीचं उसनं फेडताना शीग ठेवतात, नाहीतर चिकट म्हणून नाव होतं. तनुजानं आजीसारखं भरलं, ओंकारनं बापासारखं.

"म्हणूनच तुझे आठ झाले," तनुजा म्हणाली. "माझ्या शेरात जास्त बसत होती."

"चिकट दुकान," मागून कोणीतरी बोललं. ओंकार म्हणाला, "तुमच्या आजीला दुकान चालवायला लावा, मग कळंल."

सगळे हसले. साहेब हसले नाहीत. ते पोत्याशी खाली बसले.

"मग बरोबर कोण?" त्यांनी तनुजाला विचारलं. पण आता आवाज खाली आला होता.

तिनं आधी बाईंकडे पाहिलं. बाई खिडकीबाहेर बघत होत्या. मग तिनं माझ्याकडे पाहिलं. मी दात आवळून बसलो होतो.

"दोघंबी," ती म्हणाली. "पण शीग धरायची का न्हाई, ते आधी ठरवायला पायजे हुतं."

मी हजारो पोती मोजली. भांडणंही तेवढीच सोडवली, प्रत्येक वेळी आवाज चढवून. पण शिकाऊ मापाड्यांपैकी एकाच्याही तोंडून हे वाक्य आलं नाही. येणार कसं? मी त्यांना कधी चुकू दिलं नाही, सगळं आधीच सांगून टाकलं. या बाईंनी वरचा साहेब डोक्यावर उभा असताना मुलांना चुकू दिलं आणि वाट बघितली. त्याला छाती लागते. मी बाईंना तसं बोललो नाही, मला असलं बोलता येत नाही. दुसऱ्या दिवशी माझा जुना लोखंडी शेरही कोपऱ्यात नेऊन ठेवला.

त्या दिवशी मात्र साहेबांनी तोच पितळी शेर हातात घेतला. "सपाट धरू या. चालेल?" मुलं हो म्हणाली. त्यांनी पहिलं माप भरलं, हात फिरवला आणि म्हणाले, "एक."

"लाभ, सर," तनुजा म्हणाली.

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. विचारल्याशिवाय बोलायचं नव्हतं, म्हणून मी छताकडे बघितलं.

"लाभ," साहेब म्हणाले. आठ भरले.

सोमवारी बाक रांगेत लागले नाहीत. चारही कोपरे अजून आहेत. गावातली कुरबुरही आहे, चड्ड्याही ओल्या होतात. मापाच्या कोपऱ्यात मुलं आता मोजायच्या आधी एकमेकांना विचारतात, शीग का सपाट?

कोणाच्या आकड्याला चूक म्हणायच्या आधी त्याचा हात एकदा बघून घ्यावा. हे मला आधीपासून ठाऊक होतं. ठाऊक असून गप्प बसायचं, ते मात्र म्हातारपणी शिकलो, आणि अजून जमत नाही.