वॉशरचं पाणी

आता घरात तो कोणाशी बोलत असेल, हा घोर आईच्या मनातून काही केल्या जात नव्हता.

तो म्हणजे तिचा थोरला, नळदुरुस्ती करणारा. गल्लीत सगळे त्याला पाना म्हणत. बायको वारल्यापासून पाना गिऱ्हाइकाशी कामापुरतं बोले, आईशी हो-नाही एवढंच. गप्पा मारायच्या त्या बोक्याशी. बोक्याचं नाव वॉशर, कारण पिल्लू असताना तो बेसिनखालच्या पाइपला गोल वेढा घालून झोपायचा. "वॉशर, आज एका आजोबांची कवळी निघाली हो नळीतून," असं त्याच्या घरी गेल्यावर आतल्या खोलीतून ऐकू आलं की आईला हसूही यायचं आणि पोटात तुटायचंही.

मागच्या आठवड्यात वॉशर सारखा वाळूच्या ट्रेत जाऊन बसू लागला. कुंथायचा, कण्हायचा, पण एक थेंब नाही.

"तुंबलंय," पाना म्हणाला आणि पाण्याचं भांडं उचलून त्याने कपाटावर ठेवलं. तुंबलं की आधी मेन कॉक बंद करायचा, हा त्याच्या धंद्यातला पहिला धडा.

"अरे, जनावर आहे ते, मोरी नाही," आई म्हणाली.

"तू नको शिकवूस गं. पाइप तो पाइप."

दुसऱ्या दिवशी बोक्याला उलट्या झाल्या आणि त्याने अंगच टाकलं. पाना त्याला शर्टात गुंडाळून धावत सुटला, मागोमाग आई. डॉक्टरीणबाईंनी पोट चाचपलं. मूत्राशय मोसंब्यासारखं टणक झालं होतं. बारीक नळी घालून त्यांनी लघवी काढली, ती लालभडक. एक्स-रेत खडे दिसले.

"पाणी पीत होता का?"

"मीच बंद केलं होतं," पानाने एका दमात सांगून टाकलं.

"अहो, उलट जास्त पाजायचं! पण हे खडे काही एका दिवसाचे नाहीत. तुमच्यामुळे झालेले नाहीत."

यातलं पहिलं वाक्य पानाच्या काळजात रुतलं. बाकीचं तिथेच टेबलावर राहिलं.

मूत्राशय उघडून खडे काढले, टाके घातले. बोका वाचला. आज संध्याकाळी घरी सोडणार होते. दुपारी पाना ट्रे आणि भांडं घेऊन आईच्या दारात उभा राहिला.

"तूच आण त्याला. तुझ्याकडेच राहू दे."

"आणि तू?"

"मला काय धाड भरलीय?" तो खाली बघत म्हणाला. "मारलंच असतं गं मी त्याला."

त्याचा चेहरा बघून आई "बरं" म्हणून बसली. तो गेल्यावर तिने खिडकीजवळचा कोपरा पुसला, ट्रे मांडला, भांडं भरलं. औषधं वेळेवर देणं, लघवी होते की नाही यावर डोळा ठेवणं, सगळं तिला नीट जमलं असतं. मुलाचं ओझं आपल्या डोक्यावर घेणं तिला नेहमीच जमत आलं होतं.

मग ती त्या कोपऱ्याकडे बघत राहिली. बोका इथे सुखात राहील. पाना मात्र आपल्या हाताला यश नाही असंच धरून बसेल, आधी बायको गेली आणि आता बोकाही त्याच्याकडे परत आला नाही म्हणून.

तिने भांड्यातलं पाणी ओतून टाकलं, ट्रे उचलून दाराशी ठेवला आणि फोन घेतला. मी जाणार नाही, तूच जा, एवढंच सांगायचं होतं. तिने दोनदा ते पुटपुटून पाहिलं, आवाज कापणार नाही अशी खात्री करून घेतली आणि नंबर लावला.