तळाची जाळी

चादर पिळायला दोघं लागतात. एका टोकाला काकू, दुसऱ्या टोकाला त्यांचे यजमान. काकू पीळ भरत होत्या आणि यजमान तो हळूच सोडत होते.

"अहो, नीट धरा. चादर आहे, साप नाही."

"धरलीय. आधी मला सांग, माझा दाढीचा फेस संपला कसा?"

"पंपाची दाढी केली," काकू म्हणाल्या.

चेष्टा नव्हती ती. पोहण्याच्या तलावाच्या पंपखोलीत काकूंचं अर्धं आयुष्य गेलेलं. आल्या होत्या झाडू मारायला. तिथल्या म्हाताऱ्या मिस्त्रीची नजर अधू झाली तेव्हा दाबाचा काटा कुठे आहे, कुठे थेंब दिसतोय, हे काकू त्याला सांगायच्या. सांगता सांगता शिकल्या, आणि मिस्त्री देवाघरी गेला तसा पंप त्यांच्याच गळ्यात पडला. त्यांना स्वतःला पोहता येत नव्हतं. घोटाभर पाण्यापुढे त्या कधी उतरल्या नाहीत. मात्र बटण दाबण्याआधी हात जोडल्याशिवाय राहायच्या नाहीत. "देवा, आत लेकरं आहेत. सांभाळ."

तर झालं होतं असं, की तलावात बुडबुडे यायला लागले होते. पंप कुठून तरी हवा ओढत होता. ही गळती मोठी लबाड. बाहेर एक थेंब दिसत नाही, कारण पंप चालू असताना नळ पाणी सांडत नाही, उलट फटीतून हवा गिळतो. काकूंनी पंपाच्या झाकणाची रबरी रिंग बदलली. प्रत्येक सांध्यावर फेस फासून पाहिला. फट असती तर फेस आत ओढला गेला असता. तो जागचा हलला नाही. म्हणजे खोट जमिनीखालच्या नळात.

तलावातून पंपाकडे दोन नळ येतात. एक काठावरच्या तोंडातून, वर तरंगणारा कचरा ओढणारा. दुसरा तळाच्या जाळीतून. आज दुपारी काकूंनी काठाच्या नळाचा व्हॉल्व्ह बंद केला आणि बुडबुडे थांबले. चोर सापडला. व्यवस्थापक खूश झाले.

"सुट्टी लागली की फरशी खोदू, काकू. तोवर असंच चालू द्या."

"बरं," काकू म्हणाल्या आणि घरी आल्या. पाणी आरशासारखं झालं होतं. निघताना त्यांनी मागे वळून पाहिलं होतं. मनात काहीतरी खुपलं, पण काय ते उमगलं नाही.

"नात पोहायला गेली का हो वेळेवर?" चादरीला झटका देत त्यांनी विचारलं.

"गेली तर! टोपी इथेच टाकून. डोकं आवळतं म्हणे. आज त्यांच्या बाई तळाशी टाकलेल्या रिंगा बुडी मारून वेचायला लावणार आहेत. सगळ्यांत जास्त मीच आणणार, अशी फुशारकी मारत गेली."

काकूंचे हात थांबले.

दोन नळांची ओढ आता एकाच जाळीवर आली होती. आणि त्या जाळीचे स्क्रू गंजून एक कड उचललेली होती. काकूंनीच ते व्यवस्थापकांना सांगितलं होतं, आणि 'ओढ वाटली जातेय तोवर निभेल' असंही त्याच म्हणाल्या होत्या. आज ती वाटणी त्यांनीच मोडली होती. नातीची वेणी कमरेपर्यंत. ती जाळीत ओढली गेली तर पोर वर येणार नव्हती.

"फोन लावा तिथे. लावत राहा. पंप बंद करा म्हणावं!"

"अगं, पण ही चादर..."

चादर यजमानांच्या पायात पडली. काकू जिना उतरल्या होत्या.

रस्त्यात चपला शिवणारा म्हणाला, "काय काकू, पंपाला ताप आला का?" त्यांनी ऐकलं नाही. तोंडात देवाचं नाव होतं, पण ओळी उलटसुलट होत होत्या.

फाटकापाशी पोचल्या तर आतून पोरांचा एक आवाज नाही. सगळी मुलं काठावर ओळीनं वाकून एकाच जागी पाहत होती. ऑफिसात फोन वाजत होता, उचलायला कोणी नव्हतं. काकूंनी पाण्याकडे पाहिलंच नाही. त्या सरळ पंपखोलीत शिरल्या आणि मेन स्विच खाली ओढला.

घरघर विझत गेली. मग बाहेरून नातीचा आवाज आला.

"आजी! तू कशाला आलीस?"

नात काठावर उभी होती, हात वर करून, उडी मारायच्या पवित्र्यात.

"एक रिंग जाळीला चिकटलीय. तिघींनी ओढून पाहिली, हलतच नाही! आता माझी पाळी होती."

काकूंनी तिची ओली वेणी मुठीत धरली.

"आजी, दुखतंय!"

"दुखू दे," काकू म्हणाल्या.

पोहायच्या बाईंनी खाली पाहिलं. पंप थांबल्यावर जाळी एका बाजूला कलंडली होती आणि रिंग आपोआप सुटून पडली होती. त्यांनी सगळ्यांना कपडे बदलायला पाठवलं.

व्यवस्थापक धावत आले. हकीकत ऐकून खुर्चीत बसले. "देवानंच वाचवलं, काकू."

"वाचवलं. पण त्याला रोज आपल्या पंपावर ड्यूटी लावायची का? व्हॉल्व्ह मी बंद केला, साहेब. बुडबुडे थांबले आणि माझी अक्कलही थांबली."

"पण पंप बंद ठेवला तर पाणी हिरवं होईल. पालक ओरडतील."

"ओरडू देत. लेकरं धड घरी पोचतील, हे काय कमी आहे? जाळी पक्की बसेपर्यंत आणि तो नळ दुरुस्त होईपर्यंत तलावाला कुलूप."

व्यवस्थापकांनी मान हलवली आणि ड्रॉवरमधून कुलूप काढून दिलं.

काकूंनी पंपाचा फ्यूज काढून पदराला बांधला. नातीला यजमानांच्या हवाली केलं. ते ओल्या हातांनीच मागोमाग आले होते. हार्डवेअरचं दुकान अजून उघडं असेल. काकू नवी जाळी आणि न गंजणारे स्क्रू आणायला निघाल्या.