लाईट गेली की विसरणारा बोर्ड

वडापची, म्हणजे सीटवर भाडं घेणारी, जीप नसरापूरहून निघाली तेव्हा बोर्ड माझ्या मांडीवर होता, मोटरसायकलची बॅटरी पायाशी, आणि दोघांमधली वायर मुठीत. शेजारच्या आजोबांनी निरखून पाहिलं.

"पोरी, सलाईन लावलंय जनू. पेशंट कोन?"

"मशीन आहे, बाबा. वायर सुटली की मेलं."

"लई नाजूक औलाद!"

ती नाजूक औलाद मीच निवडली होती.

विंझरला शालनवहिनी राहतात. घरी एक म्हैस. दूध संकलन केंद्रातलं मशीन त्यांच्या दुधाची 'डिग्री', म्हणजे घट्टपणा, रोज कमी दाखवायचं. तेवढ्यावरून गावभर झालं की शालन पाणी घालते. नळावर बायका विचारायच्या, "भरा की हंडा, उद्याच्या दुधाला लागंल." फेरतपासणी मागितली तर नमुना डेअरीच्याच लॅबला जाणार. म्हणजे आरोप त्यांचा आणि निकालही त्यांचाच! त्यांच्या मशीनची तपासणी शेवटची कधी झाली, हे सांगायला कोणी तयार नाही. मी तेव्हा शेतकऱ्यांच्या एका संघटनेची पत्रकं लिहायचे आणि पोटासाठी नसरापूरला सलीमचाचांच्या वर्कशॉपमध्ये इलेक्ट्रॉनिक्सची कामं करायचे. म्हटलं, आपलं मशीन आपणच बनवू.

दुधातून ध्वनीचा ठोका पाठवायचा आणि पलीकडे पोचायला किती वेळ लागला ते मोजायचं. पाणी मिसळलं की तो वेळ बदलतो. फरक इतका बारीक की साधी चिप पकडू शकत नाही. त्यासाठी एफपीजीए लागते. ही कोरी चिप. आतली जोडणी कशी करायची ते कॉम्प्युटरवरून आपण तिला शिकवायचं. शिकायला आणि प्रयोगाला ती तयार बोर्डावर बसवलेली मिळते, त्याला इव्हॅल्युएशन बोर्ड म्हणतात.

पुण्याच्या डीलरने दोन बोर्डांचे कागद दिले. एक महाग. दुसरा जवळपास निम्म्यात, चिप तीच. फक्त त्याच्यावर आठ पायांचा एक सॉकेट रिकामा होता. चाचांनी त्यावर बोट ठेवलं.

"हितं मेमरी बसती. एफपीजीएला सोताला काय ध्यानात ऱ्हात न्हाई. लाईट गेली की कोरी. ही मेमरी तिला परत शिकवती. महागातला घे."

"चाचा, वर्गणीचा पैसा आहे. हा तर नुसता प्रोटोटाईप. रोज सकाळी कॉम्प्युटरवरून शिकवू."

"भारनियमनावर पत्रक कुनी काढलं गं? तूच ना?"

मीच काढलं होतं. 'आमच्या अंधाराचा हिशोब द्या' हे मथळ्याचे शब्दही माझेच. तरी स्वस्तातला बोर्ड घेतला. कंपन्या गरज नसलेल्या वस्तू गळ्यात मारतात, असं एक भाषणही चाचांना ऐकवलं. ते सोल्डरिंग करत राहिले.

मशीन वर्कशॉपमध्ये उत्तम चाललं. साधं दूध, पाण्याचं दूध, दोन्ही बरोबर ओळखलं. मग केंद्राच्या सेक्रेटरीने मुदत घातली. "शुक्रवारी सकाळी दुधाचा टेम्पो यायच्या आत दाखवा. न्हाईतर त्याच दिवसापासून बाईचं दूध बंद." मेमरीसाठी डीलरला फोन केला. म्हणाला, दीड महिना लागेल. वर्कशॉपचा कॉम्प्युटर जीपमध्ये टाकून नेला असता, पण सकाळी विंझरला लाईटच नसते; केंद्राचं मशीन बॅटरीवर चालतं, कॉम्प्युटर त्यावर चालत नाही. म्हणून बोर्डाला नसरापुरातच शिकवलं आणि चालू ठेवूनच निघाले.

बोर्डावर दोन दिवे होते. एक विजेचा. दुसरा, शिकवलेलं लक्षात असल्याचा. वाटेत आंबवणे गावात आजोबा उतरले. त्यांच्या पिशवीचा बंद वायरीत अडकला.

"आरं द्येवा! तुटलं का काय?"

मी तिथल्या तिथे वायर पुन्हा लावली. पहिला दिवा लागला. दुसरा नाही लागला.

"लागला की दिवा," आजोबा म्हणाले आणि समाधानाने निघून गेले.

मागे फिरावं तर टेम्पो गाठता येणार नव्हता. तशीच पुढे गेले. केंद्रापुढे माणसं जमली होती. शालनवहिनी धुतलेलं लुगडं नेसून, कळशी घेऊन सगळ्यांच्या पुढे उभ्या होत्या. मी खरं ते सांगितलं. सोमवारपर्यंत वेळ मागितला.

सेक्रेटरी हसला. "ताई, पत्रकात आमाला चोर लिवता. आन् तुमचं मशीन जीपमधी बसलं की समदं इसरतंय. आमचं निदान बोलतंय तरी!"

लोक हसले. टेम्पो आला, कॅन चढले. कळशी तिथेच राहिली.

वहिनी घरी निघाल्या, मी मागोमाग. दारात थांबल्या.

"तुमास्नी तरी पटतंय ना, म्या पानी घालत न्हाई?"

"पटतंय वहिनी."

"तुमास्नी पटून काय करू? त्यास्नी दाखवायचं हुतं."

दीड महिन्याने मेमरी आली. चाचांनी ती सॉकेटमध्ये बसवली. वायर काढली, लावली, दहा वेळा. दोन्ही दिवे दहाही वेळा लागले. मी बोर्ड पिशवीत घातला आणि विंझरला गेले. या खेपेला पायाशी बॅटरी नव्हती, मुठीत वायर नव्हती. वहिनींच्या गोठ्यात सरपण रचलेलं होतं. म्हैस विकली होती. घेणाऱ्याने विकत घेताना विचारलं म्हणे, "म्हशीचं दूध पातळ हाय, का तुमी करता?"

बोर्ड निवडायला मला आजही लोक विचारतात. गेट किती, पिना किती, किंमत किती. मी आधी विचारते, तुमच्याकडे लाईट किती वेळ असते? आमचा बोर्ड आता काही विसरत नाही. मशीनमध्ये ओतायला वहिनींचं दूध मात्र नाही.