पाणी माफी मागतं म्हणे

"कळतंय त्याला. तू मध्ये पडू नको."

असं म्हणताना आजी उजवा पंजा पालथा करून हवेत हळूच दाबायच्या; उतू चाललेल्या दुधाला दटावावं तसं. ते उतू चाललेलं दूध म्हणजे मी. आणि ज्याला सगळं "कळतंय", तो आमच्या बिल्डिंगची देखभाल करणारा हाउसमाइस्टर. कपाळावर कायमच्या आठ्या असलेला, आडदांड हॅम्बर्गवाला. त्याला मराठी कळायचा प्रश्नच नव्हता. माझं जर्मनही त्याला कळत नसे.

आजींच्या स्वयंपाकघराची खिडकी नीट लागत नव्हती. मी त्याच्यासाठी तीन वाक्यं पाठ करून गेलो होतो. ती ऐकून तो "या, या" म्हणाला आणि गायब झाला. मग आजींनी त्याला जिन्यात गाठलं. "अरे बाबा, ही खिडकी लागत नाही बघ. रात्रभर वारं येतं. गुडघे धरतात माझे," असं अगदी सावकाश, एकेक शब्द सुटा करून सांगितलं. त्याच दुपारी खिडकी दुरुस्त झाली. आजींचा सिद्धांत साधा होता: हळू बोललं की मराठी कुणालाही कळते. आणि जर्मन माणसं होकाराला "या" म्हणतात हे त्यांना मी कितीदा सांगितलं, तरी त्यांचं मत बदललं नाही. "किती अगत्याची माणसं रे! जाईल तिथे 'या, या' म्हणतात."

आजी म्हणजे दादांच्या आई. दादा ऑफिसात माझे सीनियर आणि बिल्डिंगमध्ये माझ्या खालच्या मजल्यावर राहायचे. त्या वर्षी आजी औरंगाबादहून दादा-वहिनींकडे आल्या होत्या, आणि मी एकटा जीव असल्याने माझं रात्रीचं जेवण आपोआप त्यांच्याकडे सरकलं होतं. त्याची परतफेड म्हणून मी दुभाष्याचं काम करायचो. म्हणजे करायला बघायचो. माझ्या जर्मनची पोच सांगायची तर, ऑफिसच्या पार्टीत साहेबांनी आणखी वाढू का विचारलं, तेव्हा पोट भरलंय हे सांगायला मी दोन्ही हातांनी पोट दाखवून "इश बिन फोल" म्हणालो होतो. त्याचा अर्थ होतो, मला चढलीय. साहेबांनी माझ्यासमोरची बाटली मुकाट्याने उचलून दुसऱ्या टेबलावर ठेवली. तेव्हा आजी मला मध्ये पडू देत नव्हत्या यात त्यांचं काही चुकत नव्हतं.

तळमजल्यावर एका थाई बाईंचं कपडे अल्टर करायचं छोटं दुकान होतं. आजी दुपारच्या तिथे जाऊन बसायच्या. आजी मराठीत, बाई थाई वळणाच्या जर्मनमध्ये. पहिल्या दिवशी आजींनी दुकानातली छोटी बुद्धमूर्ती पाहिली, हात जोडले, आणि ओळख करून द्यायचं माझं काम तिथेच संपलं. दोघींचं तासन् तास काय चालायचं कोण जाणे. पण बाईंच्या सुनेला दिवस गेलेत ही बातमी आम्हाला आजींकडून कळली, आणि ती खरी निघाली.

रविवारी सकाळी मात्र आजींना माझी गरज लागे. एशियन दुकानातून आणलेलं कॉलिंग कार्ड खरवडून, त्यावरचे ढीगभर आकडे दाबून गावी फोन लावायचं काम माझं. पलीकडे त्यांचा धाकटा भाऊ, बाळूमामा. पूर्वी मामाच औरंगाबादला येऊन भेटून जायचे. आता अर्धांगाने अंथरुणाला खिळले होते.

"आक्का, एकदा ये गं. मला आता पलंगावरून उतरता येईना."

"तूच ये औरंगाबादला. गाडी पाठवते."

"गाडीत बसवायलाच चार माणसं लागतात."

"मग चार माणसं पाठवते. मी गावात यायची नाही, बाळू. बोलून चुकलेय मी."

दर रविवारी एवढंच बोलणं. एकदा फोन ठेवल्यावर मी शहाणपणा केला. "जाऊन या की आजी. तेवढाच हवापालट."

वहिनींनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी हातातली पोळी ताटात ठेवली. आजी शेंगा सोलत होत्या. सोलता सोलताच म्हणाल्या, "दहा-अकरा वर्षांची असेन. विहिरीला आपण हात लावायचा नाही. कडेला घागर ठेवून बसायचं, कुणाला दया आली तर वरून ओतणार. त्या दिवशी दुपार झाली, कुणी फिरकलंच नाही. मग मीच दोर सोडला. घागर वर आली आणि माणसंही आली. घागर फोडली, त्याचं काही नाही. मातीची होती. पण बापाला बोलावलं. पोरीनं पाणी बाटवलं, माग माफी. विहिरीपुढं नाक घासायला लावलं. माझ्यादेखत."

एक शेंग किडकी निघाली, ती त्यांनी बाजूला टाकली.

"लग्न होऊन निघाले ना, तेव्हा वेशीवर मनात म्हटलं, ज्या पाण्यापायी माझ्या बापाला माफी मागावी लागली, त्या गावात पुन्हा पाऊल टाकणार नाही. घे, तूही सोल. नुसता बसू नको."

मी शेंगा सोलायला घेतल्या. मी पिंपरीत नळाच्या पाण्यावर वाढलेला. रविवारच्या वंदनेलासुद्धा आईने पाठीत धपाटा घातल्यावर विहारात जाणारा. असल्या गोष्टी मी भाषणांतून ऐकल्या होत्या. शेंगा सोलणाऱ्या माणसाच्या तोंडून नाही.

त्या संध्याकाळी दादा जिन्यात मला म्हणाले, "डिसेंबरात आईचं विमान आहे. उतरल्यावर ती गावी गेली नाही, तर या दोघांची भेट राहिलीच समज. मी सांगून थकलो. तू बघ काही सुचलं तर." माझ्यावर असा विश्वास टाकणारा माणूस किती टेकीला आला असेल, याची कल्पना तुम्हीच करा.

मला अर्थातच काही सुचलं नाही. नोव्हेंबरात शिवणवाल्या बाईंनी आम्हा सगळ्यांना त्यांच्या विहारातल्या सणाचं आमंत्रण दिलं. लॉय क्रथोंग, दिव्यांचा सण. "पौर्णिमा आहे ना? मग जायचं," आजी म्हणाल्या. मी लगेच जाणकार झालो. आकाशात शेकडो कंदील सोडतात, मी टीव्हीवर पाहिलंय, असं सगळ्यांना सांगत सुटलो. नवा डिजिटल कॅमेरा चार्ज केला. आजींनी पांढरी साडी नेसली, वरून दादांचं फुगीर जॅकेट चढवलं आणि पायमोज्यांवर चपला घातल्या. वहिनींना सर्दी झाली होती, म्हणून आम्ही तिघंच निघालो.

विहार म्हणजे शहराबाहेरचं एक साधं घर. मी गाडीतून उतरल्यापासून मान वर करून उभा. वर ढग होते आणि बारीक पाऊस. कंदील होते, पण ते अंगणात दोरीला टांगलेले, आमच्याकडच्या आकाशकंदिलांसारखे. "काय शोधतोस?" दादांनी विचारलं. "काही नाही, मान अवघडलीय," मी म्हटलं.

आत टेबलावर ट्रे मांडले होते. केळीच्या पानांची नक्षी, शेवंतीची फुलं, खाली पावाचा गोल तुकडा. थाई लोक पाहुण्यांचं स्वागत किती कलाकुसरीने करतात, असं म्हणत मी एक उचलून त्याच्या पावाला चावा घेतला. "नाइन! नाइन!", म्हणजे नको नको, करत शिवणवाल्या बाई धावल्या. तो क्रथोंग होता. पाण्यात सोडायचा दिवा. केळीचा बुंधा हॅम्बर्गात मिळत नाही, म्हणून खाली पाव. बाईंनी माझ्या दाताच्या खुणेवर एक शेवंतीचं फूल खोचलं आणि तोच दिवा माझ्या हातात दिला.

मग भिक्खूंनी वंदना सुरू केली. "फुत्थांग सरनांग खच्छामि." आजींनी क्षणभर कान टवकारले आणि आपल्या खणखणीत आवाजात "बुद्धं सरणं गच्छामि" सुरू केलं. दोन्ही चाली एकमेकींना धक्के देत शेवटापर्यंत पोचल्या. "म्हणतात छान," आजींनी शेरा दिला. "जरा नाकात म्हणतात, एवढंच."

दिवे सोडायला आम्ही अंगणात आलो. जवळच्या तळ्यात मेणबत्त्या सोडायची परवानगी नव्हती. म्हणून अंगणाच्या मधोमध लहान मुलांचा फुगवायचा निळा तलाव ठेवला होता. कडेने डॉल्फिनची चित्रं, आत बागेच्या नळीने भरलेलं पाणी. माणसं रांगेने वाकून त्यात दिवे सोडत होती. मला हसू येत होतं, पण माझ्याशिवाय कुणालाच येत नव्हतं.

आमची पाळी आली. शिवणवाल्या बाईंनी पाण्याकडे बोट दाखवून आजींना हळू आवाजात सांगितलं, "दास वासर बिटन वीअ उम फेरत्साइउंग."

सवयीने मी मध्ये पडलो नाही. पण आजींनी माझी बाही ओढली. "काय म्हणते ती? नीट सांग."

आजवर आजींनी मला दिलेली ही पहिली संधी. मी मनातल्या मनात शब्द मांडले. वासर म्हणजे पाणी. फेरत्साइउंग म्हणजे माफी. बिटन म्हणजे मागणं. वाक्य पाण्यापासून सुरू झालं, म्हणजे मागणारं कोण? पाणी. शाळेत कर्ता-कर्म मी असंच ओळखायचो.

"आजी, ती म्हणते, पाणी आपली माफी मागतं."

आजींनी बाही सोडली नाही.

"पाणी मागतं?"

"हो."

"माणसांची?"

"हो तर. म्हणून तर हे दिवे," मी ठोकून दिलं.

मागून दादांचा आवाज आला, "अरे, तसं नाही..." आणि तिथेच थांबला. कारण आजी खाली बसत होत्या. ते दुखरे गुडघे, ते फुगीर जॅकेट. बाईंनी त्यांचा दंड धरला. आजींनी दिवा पाण्यावर ठेवला. हात जोडले नाहीत. चार बोटं पाण्यात बुडवली आणि तशीच ठेवली. नोव्हेंबरातलं ते पाणी, हाडं गोठवणारं. बराच वेळ त्यांनी हात काढला नाही.

"तुझी तरी काय चूक होती?" त्या पाण्याला म्हणाल्या. "तुला कुणी विचारलं होतं का, कुणाला देऊ नि कुणाला नको?"

मग पदराला बोटं पुसली. "जा. केलं माफ."

माझ्या हातातला दात लागलेला दिवा सोडायचा मी विसरलो. बाईंनी आठवण करून दिली तेव्हा सोडला, तर तो लगेच कलंडला आणि विझला.

नंतर आजी आत चहा घेत बसल्या आणि दादांनी मला कंदिलांखाली गाठलं. "गाढवा, 'पाणी' वाक्यात आधी आलं म्हणून काय कर्ता होतं? आपण पाण्याची माफी मागतो. वर्षभर वापरलं, घाण केलं, त्याबद्दल."

 "मग आता? सांगू या का त्यांना?"

दादांनी चष्मा काढला. पावसाने भिजला होता तो पुसला, पुन्हा भिजला, पुन्हा पुसला.

"तू बरोबर सांगितलं असतंस ना, तर ती तिथूनच उठून गेली असती. पाण्याची माफी माग, म्हणून तिला!" मग चष्मा डोळ्यांवर चढवत म्हणाले, "जन्मात एकदा तुझ्या जर्मनचा उपयोग झाला. आता तोंड बंद ठेव."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ऑफिसला निघालो, तर आजी जिन्यात उभ्या. रविवार नव्हता. "कार्ड आहे का रे खिशात? बाळूला लाव."

मी त्यांच्या घरात शिरून आकडे दाबले आणि रिसीव्हर त्यांच्या हातात दिला.

"बाळू, येतेय मी. हो, गावात. डिसेंबरात... अरे, रडतोस काय? मी येईपर्यंत एक खोली झाडून घ्यायला सांग आधी."

डिसेंबरात दादा त्यांना घेऊन गेले. परत आले ते हसतच. "विहीर बुजवलीय रे! वर ओटा बांधलाय. पोरं पत्ते कुटत बसली होती. आई तिथे कमरेवर हात ठेवून उभी. म्हणाली, मी एवढ्या लांबून आले आणि तुम्ही हिला बुजवून मोकळे? पोरांना वाटलं, कोणी सरकारी बाई आली. पत्ते टाकून पळाली."

आठ दिवसांसाठी गेलेल्या आजी मग गावातच राहिल्या. "बाळूचं कोण करणार?" एवढंच कारण. औरंगाबादचं घर भाड्याने दिलं.

आजी आता नाहीत. आधी बाळूमामा गेले आणि त्यांच्या मागोमाग त्या. खालच्या दुकानातल्या बाईंना मी ते सांगितलं तेव्हा त्यांनी मशीन थांबवलं आणि त्या दिवशी पुन्हा सुरू केलं नाही. दुभाष्याचं ते माझं शेवटचं काम. तेवढं वाक्य बरोबर जमलं.

पण मला आजी म्हटलं की एक फोन आठवतो. दोघंही होती तेव्हाचा. उन्हाळा होता. सहज म्हणून मी गावी फोन लावला, मामांनी उचलला.

"आक्का? नळावर गेलीय. पाणी आलंय ना आत्ता."

"बऱ्या आहेत ना?"

"बरी? थांब, ऐकवतो." मामांचा पलंग खिडकीशी होता. त्यांनी मोबाइल खिडकीत धरला असावा. भांड्यांचा खडखडाट आला, बायकांचा गलका आला आणि त्या सगळ्यावरून आजींचा आवाज.

"ए, घागर मागं घे! नंबर माझा आहे."

"आजी, तुम्ही तर परवा परवा आलात गावात," कुणीतरी म्हणालं.

"परवा? अगं, नाळ पुरलीय माझी या गावात! तू लग्न होऊन आलीस काल. हो मागं!"

मामा खुदखुदत परत फोनवर आले. "रोजचं आहे हे. बोलावू का तिला?"

"नको मामा," मी म्हटलं. "भांडू द्या त्यांना."