हजेरीवर नाव दुसरीचं

आप्पांनी माझ्या पोरीच्या फ्रॉकवरनंच दुसऱ्या पोरीचा गणवेश चढवला, आन् मला म्हणले, "सायेब गेले की काढ. धुवून आणून दे."

गावठाणातल्या झेडपीच्या शाळंत मी खिचडी शिजवती. पोरगी मातर आमच्या वस्तीवरच्या शाळंत, चौथीला. दोन्ही सरकारीच. गावठाणात रंगवलेल्या भिंती, टीव्ही, नळ. आमच्यात एक खोली, एक बाई, प्यायचं पाणी घरनं. पण बोलक्या भिंती तिकडं, आन् वाचणारी पोरं आमच्याकडं!

गावठाणातल्या बागायतदारांची पोरं पिवळ्या बसनं शिरूरला, दौंडला इंग्लिश शाळंत जात्यात. नावं तेवढी इथल्या हजेरीवर. जेवाय किती असत्यात ते मला इचारा की, ताटं मीच घासती.

त्या दिशी तालुक्याचे सायेब दोन्ही शाळा बघाय येणार हुते. शाळा समितीचे अध्यक्ष हे आप्पा. त्यांनी सकाळीच पिकअपमधी आमच्या वस्तीची समदी पोरं भरून आणली आन् गावठाणाच्या वर्गात बसवली. आमच्या बाई बदलीच्या भ्यानं गप.

मी म्हणलं, "आप्पा, ही माझी राणी हाय."

"आजच्या दिवस माझ्या नातीचं नाव लावलं तर झिजती का ती?" आप्पा हसले. "मेंढरं मोजताना नावं लागत्यात व्हय गं?"

लागत्यात! माझा सासरा एकूण एक मेंढी वळखायचा. पण काम जाईल म्हणून मी गप बसले. थू माझ्यावर.

सायेब आले. राणीनं धडा घडाघडा वाचला.

"शाब्बास! नाव काय बाळा?"

तिनं दारातनं माझ्याकडं बघितलं. मान खाली घातली आन् आप्पांच्या नातीचं नाव सांगितलं.

खोटं बोलाय पोरीला मीच शिकवलं, गप राहून. आन् तवाच टकुऱ्यात लख्ख पडलं. सायेब आता वस्तीवर जाणार. खोली रिकामी बघणार. पट न्हाई म्हणून शाळा बंद! मग उसाच्या ट्रकांच्या रस्त्यानं पोरी इथवर चालत कोण धाडतंय? घरीच बसवणार.

पळी हातात तशीच घेऊन मी आत शिरले. "सायेब, ही राणी. माझी पोरगी. ही समदी पोरं वस्तीवरच्या शाळंतली हायती. ह्यांना इथं आणून आमची खोली रिकामी केलीया."

"येडी हाय ती, सायेब," आप्पा म्हणले. सायबांनी कागदात तोंड घातलं. "बघू नंतर." आन् चहा मागवला.

"उद्यापासनं येऊ नगं कामाला," आप्पा म्हणले.

राणीच्या अंगावरचा गणवेश तिथंच काढला आन् न धुता त्यांच्या खुर्चीवर फेकला. पोरं घेऊन कॅनॉलच्या कडंनं चालत वस्तीवर आले, वर्गात बसवली. सायबांची जीप आलीच न्हाई.

येऊ दे कवाबी. काम गेलं, आता दिवसभर मी शाळंच्या दारात बसती. वस्तीतल्या बाया बी बसाय लागल्यात. आणा कुलूप. कोण लावतोय ते आमी बघतो.